खालची उजवी दाढ

सोमवार, ३ मार्च

आज दवाखान्यात जे झाले ते क्रमाने. मत नंतर.

१. पावणेपाचची वेळ दिली होती. चार चाळीसला पोचले. आत पाच वाजून दहा मिनिटांनी बोलावले.

२. तक्रार : खालच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. अर्धी वर आली आहे, अर्धी हिरडीखाली. पाच महिन्यांत दोनदा सुजली. दुसऱ्या वेळी तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नव्हते. आज सूज नाही, दुखणे नाही.

३. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. हनुवटी टेकवून, पुढच्या दातांत प्लास्टिकची पट्टी धरून उभे राहायचे. यंत्र डोक्याभोवती फिरते.

४. डॉक्टरबाईंनी एक्स-रे साधारण चाळीस सेकंद पाहिला आणि सांगितले : खालची उजवी काढावी, तीन महिन्यांच्या आत. खालची डावी तिरकी आहे पण शांत आहे, तिच्यावर वर्षातून एकदा नजर ठेवू. वरच्या दोन राहू द्या.

५. "आत्ता दुखत नाही, मग आत्ता का?" असे मी विचारले. "सूज नसतानाच काढलेली बरी. आणि मुळांची टोकं अजून पूर्ण बंद झालेली नाहीत. खाली नस आहे, तिच्यापासून अजून अंतर आहे," असे उत्तर मिळाले.

६. संमतीचा कागद दिला. चौथ्या कलमात खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होण्याचा उल्लेख आहे : तात्पुरती, क्वचित कायमची. क्वचित म्हणजे किती, असे विचारले. "तुमच्याच दाढेसाठी नेमका आकडा कोणीही देऊ शकणार नाही. कमी आहे, शून्य नाही."

७. शेवटी त्यांनी विचारले, "घरात कोणाला दाढ काढताना काही त्रास झाला होता?" मी नाही म्हटले. त्यांचे पेन थांबले. माझ्याकडे पाहिले. मग फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या. फाइल त्यांच्याकडे कललेली होती, वाचता आले नाही.

८. सही केली नाही. एक्स-रेची प्रत मागून घेतली.

मत : मुद्दा सात खटकतो. "नाही" लिहायला दोन ओळी लागत नाहीत.

या डॉक्टर ताईने सुचवल्या. ताईला त्या कुठून सापडल्या, हे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर वेगळे मिळाले. आधी "कोणीतरी सांगितलं", नंतर "अगं, ग्रंथालयाच्या वाटेवरच आहे त्यांचा दवाखाना". तो वाटेवर नाही. मी नकाशा पाहिला आहे.


गुरुवार, ६ मार्च

पंपगृहात तीन नंबरच्या पंपाचा अहवाल दिला. शहराला पाणी चढवणारे सहा पंप आहेत आणि दर गुरुवारी त्यांची कंपने मोजणे हे माझे काम. बेअरिंग कधी बदलायचे ते मी लिहून देते, उघडायचे काम मिस्त्रींचे. मिस्त्री सत्तावीस वर्षे इथे आहेत आणि मी लिहून दिलेल्या प्रत्येक कागदाकडे ते वीजबिलाकडे पाहावे तसे पाहतात.

"मॅडम, तीन नंबर लोण्यासारखा चाललाय. आवाज नाही, तापत नाही, थेंब गळत नाही. कशाला पोट फाडायचं त्याचं?"

मी म्हटले, "तीन महिन्यांत कंपन दीडपट झालंय. आवाज येईल तेव्हा फार उशीर झालेला असेल. आपल्या सोयीने बंद केलेला बरा."

"असं होय. आणि तुमची दाढ? दोनदा सुजली म्हणे. तिचा अहवाल कोण देणार?"

बाकीचे हसले. हेल्पर म्हणाला, "मॅडमची अक्कल काढून घेतली तर अहवालावर सही कोण करील?" पुन्हा हसले.

मी सांगितले की दोन गोष्टींत फरक आहे. पंपाची माझ्याकडे बारा रीडिंग्ज आहेत. दाढेचे एकच आहे. एका रीडिंगवरून मी कोणाचेही काही उघडायला सांगत नाही.

"मग आणा की दुसरं," मिस्त्री म्हणाले आणि पाना घेऊन गेले.

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटले, पण बरोबर आहे. एकोणीस वर्षांची असताना माझा असाच एक्स-रे काढला होता. ताईने नेले होते. मला त्या फिरणाऱ्या यंत्राची भीती वाटत होती, म्हणून आधी ती आत गेली. "बघ, काही होत नाही," म्हणत बाहेर आली. मग मी गेले. ती फिल्म घरात कुठेतरी असणार.


शनिवार, ८ मार्च

ताई संध्याकाळी आली. तिच्याबद्दल काही निरीक्षणे लिहून ठेवते. आज दुसऱ्यांदा वाटले की ती आणि आई माझ्याविषयी काहीतरी ठरवून वागतात.

पूर्वी ताई खालच्या रस्त्यावरून शिट्टी वाजवायची, दोन सूर, दुसरा वरचा. मी खिडकीतून किल्ली टाकायचे. आता ती फोन करते. गेल्या दीड-दोन वर्षांत एकदाही शिट्टी नाही. आज विचारले तर म्हणाली, "बत्तीस वर्षांची बाई रस्त्यात शिट्ट्या मारते, बरं दिसतं का?" पूर्वी तिला बरे दिसण्याची पर्वा नव्हती. एकदा तर घरमालकांनी खिडकीतून डोके काढून "कोण मवाली आहे?" म्हणून विचारले होते आणि तिने हात वर केला होता.

चहाच्या वेळी विषय दाढेवर आला.

"काढून टाक," ताई म्हणाली. "आत्ताच. तीन महिने कशाला, या महिन्यातच काढ."

"घाई कशाची?"

"घाई नाही गं. पण वय वाढतं तसं जड जातं."

"तू काढलीस तेव्हा काय झालं होतं?"

"काही नाही. दोन दिवस सूप पिऊन काढले." माझा प्रश्न पुरता संपायच्या आत हे उत्तर आले. ताईने दाढ काढली तेव्हा मी आठ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बाहेर होते. फोनवरही तिने हेच वाक्य म्हटले होते. शब्द तेच. माणूस खरी गोष्ट सांगतो तेव्हा शब्द थोडे तरी बदलतात.

मग ते झाले. आईने माझ्याकडे न पाहता स्वतःच्या हनुवटीला बोट लावले. ताईने लगेच रुमाल काढून तोंड पुसले आणि विषय बदलला. दहा मिनिटांनी पुन्हा तसेच : आईचे बोट हनुवटीला, ताईचा रुमाल तोंडाला, मग ताई ग्रंथालयातल्या वाळवीबद्दल बोलू लागली.

ही खूण आहे. "आता पुरे, पुढे बोलू नकोस" अशा अर्थाची असावी. दोघींना वाटते, मला दिसत नाही. मी दिवसभर सुईचे थरथरणे बघते.

आणखी एक : ताई चहा पिण्याआधी कप मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघते. बाळाचे दूध बघतात तसे. ही सवय नवीन आहे. हिचा अर्थ लागत नाही. नोंद करून ठेवते.


मंगळवार, ११ मार्च

मोठ्या जलवाहिनीवर दाबाची तपासणी होती, म्हणून दुपारी जीपने जात होते. तीन वाजून पाच मिनिटांनी दवाखान्याच्या फाटकातून ताई बाहेर पडताना दिसली. हातात पिशवी नव्हती, पर्स काखेत. डॉक्टरबाई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. डॉक्टर मला दारापर्यंत सोडायला आल्या नव्हत्या.

साडेसातला ताईला फोन केला. आज दुपारी काय केलेस, असे सहज विचारले.

"ग्रंथालय. दुसरं काय? दिवसभर वाळवी, अजून काय."

मग ती म्हणाली, "जेवलीस का?" मी हो म्हटले आणि फोन ठेवला.

म्हणजे ताई खोटे बोलते. बारीकसारीक नाही, वेळ आणि जागा यांबद्दल. आणि ज्या डॉक्टरांनी चाळीस सेकंदांत निर्णय दिला, त्यांना भेटून आल्यावर बोलते. दोघींचे माझ्या दाढेबद्दल काही ठरले आहे. काय, ते कळत नाही. डॉक्टरांना पेशंट हवा असेल एवढ्यावर हे भागत नाही. त्यासाठी वरच्या दोनही काढा म्हणाल्या असत्या.


बुधवार, १२ मार्च

दाढ शांत.


शुक्रवार, १४ मार्च

फिल्म सापडली. आईच्या कपाटात, घराच्या कागदांखाली, तपकिरी पाकिटात. पाकिटावर "कु." आणि आमचे आडनाव, तारीख ११ मार्च, सहा वर्षांपूर्वीची. मागच्या बाजूला पेन्सिलीने : "खालची उजवी, लवकर काढावी. १८ मार्च, सकाळी १०." ही ओळ एका रेघेने खोडलेली.

म्हणजे माझी दाढ सहा वर्षांपूर्वीच काढायची ठरली होती आणि कोणीतरी ती वेळ रद्द केली. मला कोणी सांगितले नाही. आई अंघोळीला गेली होती. पाकीट माझ्या खोलीत आणून ठेवले आहे. उद्या उजेडात मोजते.


शनिवार, १५ मार्च

दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून व्हर्नियरने मोजल्या. प्रत्येक माप तीनदा, मग सरासरी. दोन यंत्रांचे मोठे करण्याचे प्रमाण सारखे नसणार, म्हणून थेट मिलिमीटर घेतले नाहीत. शेजारच्या दाढेच्या रुंदीला एक धरले आणि बाकीची मापे तिने भागली.

जुनी फिल्म : मुळाची लांबी १.४२. टोकापासून नसेच्या नळीपर्यंत अंतर ०.१०. टोकाला आतल्या बाजूस आकड्यासारखा वाक.

नवी फिल्म : मुळाची लांबी १.१९. अंतर ०.२८. टोक सरळ.

पुन्हा मोजले. तेच.

याचा अर्थ, सहा वर्षांत माझ्या दाढेचे मूळ आखूड झाले, नसेपासून लांब सरकले आणि त्याचा वाकडेपणा गेला. मूळ असे वागत नाही. पंपाचा आस झिजून आखूड होईल, मूळ नाही.

उरतो एकच निष्कर्ष. ३ तारखेला मला दाखवलेला, प्रत म्हणून दिलेला एक्स-रे माझा नाही. दुसऱ्याच कोणाचे तरी तोंड दाखवून मला संमतीच्या कागदावर सही करायला सांगितले. मुद्दाम की गफलतीने, ते माहीत नाही. पण ताई मंगळवारी तिथे होती. आणि आईला खुणा माहीत आहेत.

आईला विचारले, "माझी दाढ काढायची वेळ घेतली होती का गं, सहा वर्षांपूर्वी?"

आई भाजी निवडत होती. "तुझी? नाही बाई."

"मग कोणी रद्द केली?"

"कशाबद्दल बोलतेस तू?" असे म्हणून तिने ताटली उचलली आणि आत गेली. भाजी निम्मी निवडायची होती.

सोमवारी दुपारी चारची वेळ घेतली आहे. कारण सांगितले नाही.


सोमवार, १७ मार्च

जे झाले ते पूर्ण लिहिते. लिहायला आवडत नाही.

मी मापांचा कागद पुढे ठेवला. दोन्ही फिल्म ठेवल्या. म्हटले, "या दोन्ही एकाच तोंडाच्या असू शकत नाहीत. जुनी माझी आहे. तेव्हा नवी कोणाची आहे, ते मला लेखी हवं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्याचाही मला संशय आला. त्यांनी कागद वाचला, खालपर्यंत. "शेजारच्या दाढेने भागलंत. चांगलं सुचलं." मग जुनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. या वेळी चाळीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ पाहिले.

"ही कुठे मिळाली?"

"घरी."

"तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

"एकोणीस."

"एकोणिसाव्या वर्षी अक्कलदाढेची मुळं एवढी पूर्ण होत नाहीत. हे टोक बघा. मिटलंय. ही पंचविशी गाठलेल्या माणसाची दाढ आहे. दोन्ही एका तोंडाच्या नाहीत, हे तुमचं बरोबर आहे. फक्त तुमची नाही ती ही." आणि जुन्या फिल्मवर बोट ठेवले.

"मग कोणाची?"

"ते मी सांगू शकत नाही."

माहीत नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी माझी फाइल उघडली आणि आतून एक तिसरी फिल्म काढली. तिच्या पाकिटावरही "कु." आणि आडनाव. तारीख तीच, ११ मार्च. "ही तुमची. मंगळवारी आणून दिली."

"कोणी?"

"तुमच्या ताईंनी. म्हणाल्या, तिच्याकडे दोन रीडिंग असल्याशिवाय ती कोणाचं ऐकायची नाही. तिला तुम्हीच दाखवा, मी दाखवलं तर संशय घेईल."

व्हर्नियर पर्समध्ये होता. काढला आणि तिथेच मोजले. माझ्या जुन्या फिल्ममध्ये मूळ निम्मेच आहे, ०.६८. टोक उघडे. नसेपर्यंतचे अंतर ०.६१. तेव्हा ०.६१, आता ०.२८. आकार तोच, कल तोच. नवी फिल्म माझीच आहे.

"याच हिशोबाने रेघ पुढे ओढली तर आणखी पाच वर्षांत टोक नसेवर टेकतं," मी म्हटले.

"रेघ सरळ ओढू नका. मूळ पूर्ण झालं की वाढ थांबते. कदाचित तुमचं इथेच थांबेल. पण हाड दर वर्षी घट्ट होत जातं, आणि ही सूज तिसऱ्यांदा येणारच. म्हणून मी तीन महिने म्हटलं. उद्याच या असं नाही म्हटलं आणि पाच वर्षांनी या असंही नाही."

शुक्रवार, २८ तारीख, सकाळी साडेनऊ ही वेळ मोकळी होती. धरून ठेवायला सांगितली. सही गुरुवारी देते म्हटले.

त्या दारापर्यंत सोडायला आल्या.

पंपगृहात मीटरच्या कपाटावर एक पाटी आहे, मिस्त्रींनीच रंगवलेली : आधी पंपाचा नंबर वाचा, मग रीडिंग घ्या. पहिल्या आठवड्यात मी दोन नंबरच्या कंपनांवर तीन नंबरचा अहवाल लिहिला होता, त्यानंतर ती लागली. मापे तीनदा घेतली. कोणाचे तोंड आहे, ते एकदाही पाहिले नाही.


मंगळवार, १८ मार्च

त्या दिवशी ११ मार्चला आमच्या आडनावाच्या दोनच कुमारी त्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या होत्या. एक एकोणीस वर्षांची, एक सव्वीस. ताई मला भीती वाटू नये म्हणून आधी गेली, असे मी सहा वर्षे समजत होते. दुखत तिलाही होते.

खोडलेली वेळ १८ मार्चची. माझ्या जुन्या वह्या पलंगाखालच्या पेटीत आहेत. सहा वर्षांपूर्वीची काढली. १८ मार्चचे पान जसेच्या तसे :

"मशीन प्रॅक्टिकल छान झाली. सर्व मापे मान्य मर्यादेत. आईचा पाय प्लास्टरमध्ये असल्याने तिला उठवायला-बसवायला कोणीतरी लागते. ताईने तिचे काहीतरी होते ते रद्द केले आणि घरी थांबली. बरे झाले, नाहीतर माझी प्रॅक्टिकल बुडाली असती."

"तिचे काहीतरी होते ते." काय ते मी विचारले नव्हते. विचारले असते तर लिहिले असते. मी लिहिते.

त्यानंतर पुढची वेळ केव्हा घेतली? माझे शेवटचे वर्ष, मग नोकरी, मग आईचा दुसरा पाय. ताईने दाढ काढली ती बरोबर मी प्रशिक्षणाला गेल्यावर, घरात कोणाला सांभाळायचे नव्हते तेव्हा. वय तीस. अंतर ०.१०, टोकाला वाक.

संमतीच्या कागदातले चौथे कलम पुन्हा वाचले. खालचा ओठ आणि हनुवटी.

कप मनगटाला टेकवून बघणे. रुमाल. शिट्टी.

आई खूण करते ती माझ्यापासून लपवून ठेवण्यासाठीच, पण मला वाटले ती नव्हे. ओठावर थेंब आहे, एवढेच ती सांगते. ताईला तो कळत नाही.


शुक्रवार, २१ मार्च

तीन नंबरचा पंप उघडला. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर नखाएवढी पोपडी निघालेली. मिस्त्रींनी कडे माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाले, "जिंकलात. आता तुमचं कधी उघडताय?"

"अठ्ठावीसला," मी म्हटले. "एक कागद यायचा राहिलाय."

"डॉक्टरचा?"

"घरचा."

त्यांनी पुढे विचारले नाही. सत्तावीस वर्षांत कधी थांबायचे ते कळते माणसाला.


रविवार, २३ मार्च

ताई दुपारी चहाला आली. मी ठरवले होते की बोलायचे. वाक्ये तयार होती. एकही तोंडातून निघाले नाही.

ती ग्रंथालयातल्या एका म्हाताऱ्या वाचकाची नक्कल करत होती. तो पुस्तक परत करताना दर वेळी शेवट सांगून जातो आणि वर म्हणतो, "आता तुमचा वेळ वाचला." आई हसत होती. मीही हसले. ताईच्या खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर चहाचा थेंब होता. आईचे लक्ष नव्हते, ती किटलीकडे बघत होती.

मी माझ्या हनुवटीला बोट लावले.

ताईचा हात आपोआप रुमालाकडे गेला. पुसले. मग तिने आईकडे पाहिले. आईचे दोन्ही हात किटलीवर होते. मग माझ्याकडे पाहिले.

मी बोट खाली घेतले नव्हते.

तिने रुमालाची चौकोनी घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. आई वळून म्हणाली, "काय गं, गप्प का झालात दोघी? मांजर आलं का आडवं?"

"चहा गार झाला," ताई म्हणाली. चहातून वाफ येत होती.

निघताना जिन्यात मी तिची पर्स धरली. तिने दोन पायऱ्या उतरून मागे पाहिले आणि म्हणाली, "सूप करून ठेवीन तुझ्यासाठी." मी म्हटले, "बरं." एवढेच झाले.

बोलणे मला जमत नाही. लिहिणे जमते. उद्या सकाळी तिच्या ग्रंथालयात पाकीट देऊन येते. प्रत इथे.


सोमवार, २४ मार्च

ताई,

शुक्रवारी, २८ तारखेला सकाळी साडेनऊला खालची उजवी दाढ काढायची वेळ घेतली आहे. तू म्हणालीस तसेच. तुझे ऐकले, पण आधी दोन आठवडे तुझ्यावर संशय घेतला. तू दवाखान्यातून बाहेर पडताना मी तुला पाहिले होते आणि संध्याकाळी मुद्दाम फोन करून पडताळले. तू खोटे बोललीस हे वहीत लिहिले. का बोललीस, ते विचारले नाही.

तुझी फिल्म मी माझी समजून मोजली. पाकिटावरची खोडलेली ओळ वाचली. १८ मार्चला मी कुठे होते आणि तू कुठे होतीस, तेही माझ्याच वहीत मिळाले. ते पान मी आजवर पुन्हा वाचले नव्हते. त्याबद्दल काय म्हणावे ते मला कळत नाही. कळले की सांगेन. तूही "सोड गं" म्हणू नकोस.

सही गुरुवारी करायची आहे. कागदात लिहिले आहे की ओठ बधिर होऊ शकतो. डॉक्टर आकडा देत नाहीत, आणि आकडा मिळाला तरी तो मला पुरणार नाही. मला एकाच माणसाचे रीडिंग हवे आहे. म्हणून हे लिहून दे :

ओठाचा कोणता भाग, कुठपासून कुठपर्यंत. पहिल्या महिन्यात किती होते आणि आता किती आहे. गरम कळते का, थेंब कळतो का, चावले गेले तर कळते का. शिट्टी प्रयत्न करूनही येत नाही, की तू प्रयत्नच सोडलास. आणि हे सगळे माहीत असूनही तू मला काढ म्हणालीस ते का.

घाबरवायला नको म्हणून कमी लिहू नकोस. उत्तर काहीही असले तरी मी बहुधा सहीच करणार आहे. पण काय मोजावे लागू शकते ते माहीत असताना करायची आहे.

शुक्रवारी बरोबर ये. खाली आलीस की फोन कर, मी किल्ली टाकते. दवाखान्यात आत या वेळी आधी मी जाईन. तू बाहेर बस.

बुधवारी, २६ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत उत्तर दे. लेखी.